शिबंदीतला एक शिपाई



साहित्याच्या अध्यापकाने वाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज आमच्या घराण्यातील एका सामान्य शिपायाविषयी बोलणार आहे. ते माझ्या आजोबांचे पणजोबा. बऱ्हाणपूरच्या शिबंदीत ते चाकरीस होते.

प्रथम शब्दाकडे वळू. ‘शिबंदी’ हा मूळचा फारसी ‘सिहबंदी’. ‘सिह’ म्हणजे तीन. तीन-तीन महिन्यांनी वेतन मिळे म्हणून हे नाव, अशी एक व्युत्पत्ती देतात. सरकारी घोड्यांची पागा, स्वतःचे घोडे आणणारे शिलेदार आणि कवायती गाडदी यांहून शिबंदी वेगळी. किल्ल्याची राखण, ठाण्याचा बंदोबस्त आणि सर्वांत मुख्य म्हणजे महसुलाची वसुली, ही तिची कामे. गरजेपुरती ठेवायची, गरज सरताच निरोप द्यायचा. पुढे इंग्रजांनीही हा शब्द उचलला आणि पार दार्जिलिंगच्या डोंगरात रस्ते बांधणाऱ्या पलटणीलाही तेच नाव दिले!

अशा माणसाचा शोध घ्यायचा कोठे? आपल्या जामा मशिदीत फारुकी सुलतानांची वंशावळ चक्क संस्कृतात कोरलेली आहे. तो लेख १५९० चा. राजांना दगड मिळतो, सरदारांना बखर मिळते. शिपाई हिशेबात ‘असामी’ म्हणून येतो, तोही बहुधा आकड्याने. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले. ते मी तरुणपणी मोठ्या उत्साहाने चाळले. शिबंदीचा खर्च त्यांत जागोजागी भेटतो, शिबंदीतला माणूस क्वचितच.

आमच्या घरची परंपरा अशी, की मूळपुरुष अशीरगडावर इंग्रजांशी लढले. दसऱ्याला एका गंजलेल्या तलवारीची पूजा होई आणि आजोबा ही कथा सांगत. ती इतिहासाच्या चौकटीत बसत नाही असे नाही. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये निजामाकडून बऱ्हाणपूर आणि अशीरगड पेशव्यांकडे आले. पुढे १७७८ मध्ये शहर शिंद्यांकडे गेले. इंग्रजांनी गड १८०३ च्या ऑक्टोबरात घेतला, पण ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहान्वये तो शिंद्यांना परत मिळाला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना तेथे आश्रय मिळाला म्हणून १८१९ मध्ये पुन्हा वेढा पडला. किल्लेदार जसवंतराव लाड यांनी तीन आठवडे गड झुंजवला आणि ९ एप्रिल रोजी तो पडला. या वेळी मात्र तो परत मिळाला नाही. शहर तेवढे शिंद्यांकडे राहिले, थेट १८६० पर्यंत.

आता आमच्या घरचा कागद. जुन्या रुमालात एकच मोडी अर्ज निघाला. शक लिहिलेली कड वाळवीने खाल्ली आहे. पण मजकुरात असे आहे, की गडावर टोपीकरांचे ठाणे बसल्यास तिसरे साल चालू आहे. १८०३ चा अंमल काही वर्षांचा नव्हताच. तेव्हा हा अर्ज १८२१-२२ चा ठरतो. आमचे पूर्वज आणि आणखी नऊ असामी यांना तापीपलीकडे जैनाबाद परगण्यात वसुलीस पाठविले होते. त्यांचा रोजमुरा थकला आहे, कुणब्यांकडून मसालाही पुरता मिळत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

‘मसाला’ या शब्दाने तरुण श्रोत्यांना हसू येईल. बाकीदाराच्या दारी शिपाई बसवायचा आणि त्याचा खर्च त्या बाकीदारानेच सोसायचा, याचे नाव मसाला. ज्याच्या घरी सारा भरायला दाणा नाही, त्याच्याच ओसरीवर बसून त्याच्याच दाण्याची भाकरी खायची! सरकार पगार देईना म्हणून शिपाई रयतेला नाडी, आणि रयत बुडाली म्हणून सरकारात पैसा येईना. तापीकाठचे ते चक्र असे फिरत होते. माझ्या चुलत्यांना हा अर्ज मी वाचून दाखविला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा रुमालात बांधून ठेवण्यास सुचविले. मला तसे करता आले नाही. १८१९ च्या वेढ्यात आमचे पूर्वज तटावर नव्हतेच, असे हा कागद म्हणत नाही. पण कोणत्या चाकरीवर घर चालत होते, ते तो स्पष्ट सांगतो. आजोबांच्या कथेत तलवार होती, ओसरी नव्हती.

अशा शिबंदीचे दिवस तेव्हाच भरत आले होते. शेजारच्या खानदेशात १८२५ साली औट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. कवायत आणि नियमित पगार यांपुढे तीमाही शिपाई टिकणे कठीण होते. बऱ्हाणपुरात शिंद्यांचा अंमल असेतो त्याला थोडे अधिक आयुष्य लाभले, इतकेच.

शेवटचा धागा मला त्र्यंबकेश्वरी मिळाला. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावनिशी पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली असते. वंशाच्या शोधाला मराठी मुलुखात याहून चांगले साधन मी पाहिलेले नाही. लिहिता न येणारा माणूस नावापुढे आपल्या व्यवसायाची खूण काढी. आमच्या अर्जाखाली मूळपुरुषांची खूण कट्यारीची आहे. त्र्यंबकच्या वहीत त्यांचा मुलगा वडिलांचे नाव सांगतो आणि आपल्या नावापुढे नांगर काढतो. राहण्याचे गाव म्हणून त्याने लिहवून घेतले आहे ते बऱ्हाणपूर नव्हे. ते तापीपलीकडचे, जैनाबाद परगण्यातले एक खेडे आहे.