नखाएवढी कबुतरं

आजचा एपिसोड छोटासा आहे, पण विषय माझ्या जवळचा आहे.

एक जुना ब्रोच डोळ्यांसमोर आणा. दहा रुपयांच्या नाण्याएवढा. त्यावर पाण्याच्या भांड्याच्या काठावर बसलेली चार कबुतरं. झूम केलं की कळतं, अरे, हे रंगवलेलं नाहीये! काचेचे बारीक तुकडे शेजारीशेजारी बसवलेत. पिक्सेलच म्हणा ना, फक्त हाताने ठेवलेले. यालाच म्हणतात मायक्रोमोझॅक.

हे काम मूळचं रोमचं. सेंट पीटर्स चर्चमधली चित्रं दमट हवेने खराब व्हायची, म्हणून त्यांच्या जागी मोझॅकच्या प्रती बसवल्या. १७२७ मध्ये व्हॅटिकनने त्यासाठी कायमची कार्यशाळा काढली. पुढे कारागीर काच तापवून तिच्या बारीक तारा ओढायला लागले. त्या तारांचे तुकडे चिमट्याने ओल्या लुकणात बसवायचे. चांगल्या कामात एका चौरस इंचात हजाराच्या वर तुकडे!

हे घ्यायचं कोण? युरोप फिरायला निघालेले श्रीमंत लोक. महिनोन्‌महिने घरापासून लांब. परतताना घरच्यांसाठी, प्रेयसीसाठी काहीतरी न्यायचं असायचं. चिन्हं ठरलेली होती. कबुतर हा व्हीनस देवीचा पक्षी, म्हणजे प्रेम. कुत्रा म्हणजे निष्ठा. ती चार कबुतरंसुद्धा १७३७ मध्ये तिवोलीला सापडलेल्या प्राचीन मोझॅकवरून घेतलेली, आणि कितीतरी दागिन्यांवर तीच.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, म्हणजे रेडिमेडच की! त्या काळातले इमोजी.

मग मागच्या वर्षीची गोष्ट आठवली. मी ऑनसाइट होतो. तिच्या वाढदिवसाला ॲपवर पहिलं दिसलं ते गिफ्ट पाठवून दिलं. रात्री कॉलवर तिने सहज विचारलं, "हेच का घेतलंस रे?" मी गप्प. खरंच उत्तर नव्हतं माझ्याकडे.

रोमच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसापुढेही तयार मालच होता. पण कबुतर घेऊ की कुत्रा, आपल्याला तिला नेमकं काय सांगायचंय, एवढा विचार तरी त्याला करावा लागत असणार. मी तेवढाही केला नव्हता.

पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. यंदा उत्तर आधी शोधतोय, गिफ्ट नंतर.

तुम्ही कुणाला काय दिलंत, आणि तेच का, हे मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!