पडद्यावरची बैठक आणि गप्प बसलेला माणूस



व्याख्यानमालेच्या चालकांना मी आजचा विषय कळवला, तेव्हा त्यांच्यातले एक गृहस्थ मला म्हणाले, "अहो, व्हिडिओ कॉन्फरन्सवर बोलण्यासारखे आता राहिले आहे काय? माझी आईसुद्धा रोज रात्री फोनवर नातवाचे तोंड पाहते." त्यांचे म्हणणे खरे आहे. आजीला नातू दिसतो, नातवाला आजी दिसते, आणि दोघेही खूष असतात. पण आजी-नातवाच्या भेटीत ठराव होत नाहीत, इतिवृत्त लिहिले जात नाही, कोणाची बढती किंवा बदली त्या भेटीवर अवलंबून नसते. तेच यंत्र कचेरीत आले की अडचणी सुरू होतात. त्या अडचणींपैकी यंत्राच्या किती आणि आपल्या किती, एवढाच हिशेब मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

दूरच्या माणसाचे तोंड पाहण्याची हौस फार जुनी आहे. महाभारतातल्या संजयाला हस्तिनापुरात बसून कुरुक्षेत्र दिसत होते. मात्र कुरुक्षेत्राला संजय दिसत नव्हता. १९२७ साली अमेरिकेत नेमका असाच प्रयोग झाला. हर्बर्ट हूवर वॉशिंग्टनला बोलत होते आणि त्यांचे चित्र न्यूयॉर्कला दिसत होते. आवाज दोन्हीकडून जात होता, चित्र मात्र एकाच दिशेने. पुढे १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात एटी अँड टी कंपनीने 'पिक्चरफोन' मांडला, आणि १९७० साली पिट्सबर्ग शहरात तो कचेऱ्यांना भाड्याने देण्यास सुरुवात केली. महिन्याचे भाडे १६० डॉलर, त्यात बोलायला अर्धा तास! गिऱ्हाईक आले नाही. भाडे जबर होते हे एक कारण. पण ज्याच्याशी बोलायचे त्याच्याकडे ते यंत्र नसे, हे दुसरे. आणि तिसरे असे की, फोनवर बोलताना आपण दिसावे अशी पुष्कळांची इच्छाच नव्हती. हे तिसरे कारण ध्यानात ठेवा, ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडे ही प्रणाली सरकारी मार्गाने आली. जिल्हाधिकारी कचेरीत एनआयसीची खोली असते आणि "आज मंत्रालयाची व्हीसी आहे" असे म्हटले की सगळ्या खात्यांचे अधिकारी फायली घेऊन तिथे जमतात. न्यायालयानेही तिला मान्यता दिली. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली असा निर्णय दिला की, परदेशातल्या साक्षीदाराची साक्ष या प्रणालीने घेता येईल. तेव्हा ओळख जुनी होती. पण सार्वत्रिक प्रसार झाला तो २०२० च्या मार्च महिन्यात, टाळेबंदीमुळे. झूम या एकाच कंपनीच्या बैठकांना डिसेंबर २०१९ मध्ये रोज सुमारे १ कोटी हजेऱ्या लागत. एप्रिल २०२० मध्ये त्या ३० कोटींवर गेल्या. एक माणूस दिवसात चार बैठकांना बसला तर या मोजणीत तो चारदा धरला जातो, हे खरे. तरीही केवढी ही उडी!

मुंबईत टेलिफोन आला १८८२ साली. फोन कसा उचलावा, आधी नाव कोणी सांगावे, रात्री किती वाजेपर्यंत करावा, या रीती बसायला आपल्याला कितीतरी वर्षे मिळाली. व्हीसीच्या बाबतीत आपल्याला काही आठवडेच मिळाले. पाहुणा दारात येऊन उभा राहिला आणि ओसरी बांधायची राहूनच गेली. आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

पहिली अडचण वेळेची. आपण बोलत असतो तेव्हा एकाचे वाक्य संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, यांमध्ये किती वेळ जातो? दहा भाषांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ही सरासरी सुमारे एक पंचमांश सेकंद आढळली. इतक्या नाजूक मापावर संभाषणाचे चाक फिरते. तारेतून जाणाऱ्या आवाजाला फार उशीर झाला की हे चाक अडखळते. दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, "आपण बोला", "नाही, आपण बोला" अशी लखनवी सभ्यता सुरू होते. इथवर विनोद आहे. पण जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले की, सव्वा सेकंदाच्या आसपास विलंब झाला की ऐकणाऱ्याला तो तारेचा दोष वाटत नाही. समोरच्या माणसाचेच लक्ष नाही असे वाटू लागते. म्हणजे दोष तारेचा आणि शिक्षा माणसाला! ज्याच्या गावी रेंज चांगली तो हुशार ठरतो, आणि ज्याच्या गावी ती डोंगराआड जाते तो मंद ठरतो.

दुसरी अडचण डोळ्यांची. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली या बैठकांच्या थकव्याची चार कारणे मांडली: अनेक चेहरे सतत अगदी जवळून आपल्याकडे पाहत असतात, आपला स्वतःचा चेहरा आरशासारखा समोर असतो, एका जागी खिळून बसावे लागते, आणि मान हलवणे, भुवई उचलणे या सहज खुणा मुद्दाम कराव्या लागतात. त्याच सुमारास त्यांच्या सहकाऱ्यांना असेही आढळले की, हा थकवा पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक जाणवतो. आपल्याकडे तर याचे आश्चर्य वाटू नये. दोन खोल्यांच्या घरात जी बाई बैठकीला बसते, तिच्या पाठीमागे कुकरची शिटी होते, मूल रडते, सासूबाई डोकावतात, आणि हे सारे तिच्या साहेबांना दिसते. पिट्सबर्गच्या गिऱ्हाइकाला "मला दिसायचे नाही" असे म्हणण्याची सोय होती. या भगिनीला "कॅमेरा चालू ठेवा" असा हुकूम असतो.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते, आणि ती सांगताना मला स्वतःचीच चूक सांगावी लागेल. मी त्या वेळी एका संस्थेत होतो. तिचे नाव घेत नाही, कारण दोष माझा आहे. २०२१ च्या मे महिन्यात चौदा शाखांची पडद्यावर बैठक होती आणि अध्यक्षस्थानी मी होतो. प्रत्येक शाखेला दोन मिनिटे. एका लांबच्या शाखेचे वृद्ध कारकून बोलू लागले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. कोणी म्हणाले, "काका, म्यूट काढा." त्यांनी काय दाबले कोण जाणे, त्यांचे चित्रच गेले. मी म्हणालो, "चला, पुढची शाखा." शेवटी विचारले, "कोणाची काही हरकत?" कोणी बोलले नाही. इतिवृत्तात लिहिले, 'सर्व शाखांनी संमती दिली.' पंधरवड्यात पाऊस आला आणि त्या शाखेच्या गोदामातला माल भिजला. छप्पर गळते एवढेच ते सांगू पाहत होते. चौकशीत त्यांना विचारले गेले, "तुम्ही बैठकीला हजर होता, मग बोलला का नाहीत?" त्यांनी उत्तर दिले, "साहेब, मी बोललो होतो."

मंडळी, समोरासमोरच्या बैठकीत तो माणूस दाराशी उभा राहिला असता. चहाच्या वेळी माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाला असता, "छपराचं तेवढं बघा." पडद्यावरच्या बैठकीला दारही नाही आणि चहाही नाही. बटण दाबले की सभा संपते, आणि गप्प बसलेल्या माणसाचे मौन संमती म्हणून कागदावर चढते.

यावरून मी या यंत्राचा शत्रू आहे असे कोणी समजू नये. वीस मिनिटांच्या बैठकीसाठी तालुक्याच्या माणसाने एसटीने दिवसभर जायचे आणि रात्री घरी यायचे, यात कसला पुरुषार्थ होता? ज्याला जिना चढवत नाही, जिचे मूल तान्हे आहे, त्यांना या प्रणालीने कामात जागा दिली. प्रश्न कोणते काम पडद्यावर करावे, याचा आहे. 'नेचर' या नियतकालिकात २०२२ साली आलेल्या एका अभ्यासात पाच देशांतल्या अभियंत्यांच्या जोड्या तपासल्या होत्या, त्यांत भारतही होता. पडद्यावर बोलणाऱ्या जोड्यांना नव्या कल्पना कमी सुचल्या. सुचलेल्या कल्पनांतून चांगली निवडण्यात मात्र त्या मागे पडल्या नाहीत. तेव्हा माहिती देणे, निवड करणे, आढावा घेणे खुशाल पडद्यावर करावे. नवी योजना आखणे, तक्रार ऐकणे, कोणाला दोष देणे, यांसाठी एका खोलीत बसावे.

आणि जिथे पडदा आहे तिथे काही रीती पाडाव्यात. सर्वांत लांबच्या आणि सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्यावे. ज्याचा आवाज तुटला त्याला बैठक संपण्यापूर्वी साधा फोन करावा. बोलण्यापुरता चेहरा दाखवावा, एरवी कॅमेऱ्याची सक्ती करू नये. इतिवृत्तात 'हरकत नाही' आणि 'ऐकू आले नाही' हे दोन निरनिराळे रकाने ठेवावेत. आणि साहेबाने वर्षातून एकदा तरी उठून त्या शाखेत जावे. कारण छप्पर कॅमेऱ्यात येत नाही, ते मान वर करूनच पाहावे लागते.

यांतली एकही गोष्ट विकत घ्यावी लागत नाही, म्हणूनच ती करायची राहते. यंत्र खरेदी केले की काम झाले असे आपण मानतो. वास्तविक यंत्र आल्यावर काम सुरू होते. सभा म्हणजे बोलणाऱ्यांची गर्दी नव्हे. ज्याला बोलता आले नाही त्याचीही वाट जिथे पाहिली जाते, ती सभा. आपण आज दोन तास एका मांडवात बसलात, उकाडा सोसलात, आणि मी कंटाळवाणा झालो तेव्हा आपल्या चुळबुळीने मला ते वेळेवर कळवलेत.