दोन त्रिकोण आणि आपली सोसायटी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलंच आहे. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे बांधकाम म्हटलं की मला आधी व्याज आठवतं. आपल्याकडे पुनर्विकासाचं बोलणं सुरू झालं आहे, म्हणून आज दूरच्या दोन इमारतींची गोष्ट सांगतो.

पहिली पॅरिसची. तिथे पोर्त द व्हर्साय भागात 'तूर त्रिआंग्ल', म्हणजे त्रिकोणी मनोरा, हे बांधकाम हाती घेतलं गेलं. उंची १८० मीटर, मजले ४२. एका बाजूने बघावं तर पिरॅमिड, दुसऱ्या बाजूने लाकडाच्या पाचरीसारखा पातळ. शेजाऱ्यांवर सावली कमी पडावी म्हणून हा आकार. योजना जाहीर झाली २००८ साली आणि काम सुरू झालं २०२२च्या सुरुवातीला. चौदा वर्षं नुसते कागद!

कारण काय? १९७३ साली तिथे २१० मीटरचा माँपार्नास टॉवर झाला. तो लोकांना इतका खटकला की १९७७ साली शहरात उंचीवर बंधन आलं. त्यामुळे या नव्या मनोऱ्यावरून गाव दुभंगलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये नगरसभेत मतदान झालं : बाजूने ७८, विरोधात ८३. महापौर ॲन हिदाल्गो म्हणाल्या, मतदान गुप्त होतं, काहींनी मतपत्रिका उघड दाखवल्या, हे ग्राह्य नाही. (आपल्या वार्षिक सभेची आठवण झाली ना?) मग आराखडा बदलला. ऑफिसांची जागा कमी केली, हॉटेल घातलं. जून २०१५ मध्ये पुन्हा मतदान : बाजूने ८७, विरोधात ७४. पुढे रहिवाशांच्या संघटना कोर्टात गेल्या, त्यात आणखी वर्षं गेली. मनोऱ्याला परवानगी टिकली. पण २०२३ मध्ये शहराने उंचीची मर्यादा पुन्हा ३७ मीटरवर आणली. म्हणजे हरलेल्यांचं म्हणणंही वाया गेलं नाही.

दुसरा त्रिकोण उत्तर कोरियाच्या प्योंगयांगचा, र्युग्योंग हॉटेल. १०५ मजले, ३३० मीटर. १९८७ साली काम सुरू झालं. तिथे मतदान नाही, हरकती नाहीत, कोर्ट नाही. भराभर सांगाडा चढला. मग सोव्हिएत मदत आटली, पैसा संपला आणि १९९२ साली काम थांबलं. सोळा वर्षं काँक्रीटचा सांगाडा राजधानीच्या डोक्यावर उभा! २००८ नंतर बाहेरून काचा बसल्या, पण पाहुणा काही उतरला नाही.

बँकेत आम्ही एक हिशेब शिकलो. पाया खणण्याआधीचा उशीर स्वस्त असतो, खणल्यानंतरचा महाग. आधी चहाबिस्किटांचा आणि फार तर वकिलाचा खर्च होतो. नंतर व्याज चढतं, भाडं चढतं, आणि माणसं आपल्या घराबाहेर अडकतात.

म्हणून तरुण मंडळींना सांगतो, ज्येष्ठ प्रश्न विचारतात ते खोडा घालायला नव्हे. कार्पेट एरिया किती, भाडं किती महिने मिळणार, बिल्डर बँक गॅरंटी कितीची देणार, हे आत्ताच विचारायचं असतं. आणि माझ्या वयाच्या मंडळींना सांगतो, विरोध जरूर करा, पण सभेत उठून, कारणासकट करा. जिन्यात कुजबुज नको. सेक्रेटरीसाहेब, विरोधी मतंही इतिवृत्तात नावानिशी लिहा.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. गेल्या विशेष सभेनंतर यंदा काही घरांत एकमेकांकडे दिवाळीचा फराळ गेला नाही. पंचवीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. इमारत नवी बांधता येते, बँक त्यासाठी कर्जही देते. शेजारासाठी कर्ज देणारी बँक अजून माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा मत कुठलंही द्या, फराळाचं ताट चालू ठेवा.