कुकी म्हणजे काय, आणि तिची धास्ती घ्यावी का?

(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज मी 'कुकी' या विषयावर बोलणार, हे ऐकून शेजारच्या काकूंना वाटले, नानकटाईची कृती मिळणार! तसे नाही. मोबाइलवर वेबसाइट उघडली की 'कुकी स्वीकारा' अशी पाटी येते, ती ही कुकी.

वेबसाइट ज्या संगणकावरून चालते त्याला मुळात आपली ओळख राहत नाही. पान मागितले, दिले, विसरला. साडी पसंत करून पुढचे पान उघडावे, तर पुन्हा 'आपण कोण?' १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली याने यावर तोड काढली. मोठ्या देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना? त्यावर नुसता आकडा. पण तो दाखवताच आपल्या चपला नेमक्या हाती येतात. कुकी हा तसाच बिल्ला. वेबसाइट तो आपल्याच मोबाइलमध्ये ठेवते, आणि पुन्हा गेलो की मोबाइल तो आपण होऊन दाखवतो. म्हणून दर वेळी पासवर्ड द्यावा लागत नाही. यात वावगे काही नाही.

वावगे पुढेच आहे. त्या पानावरची जाहिरात पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीमार्फत येते, आणि तीही हळूच आपला बिल्ला देते. हीच कंपनी भांडीवाल्याच्या, औषधवाल्याच्या, वर्तमानपत्राच्या पानावरही बसलेली. जिथे तिथे तोच बिल्ला दिसला, की ही बाई कुठे कुठे हिंडली याची वही तयार!

लिहून ठेवणे वाईट, असे सुदुंबऱ्यात कोण म्हणेल? तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी इथेच आहे. पण ही वही कोण लिहितो, कशासाठी, आणि जिच्याविषयी लिहितो तिला ठाऊक आहे का, हे पाहायला नको?

माझ्या भाचीला दिवस गेले, तेव्हा तिने हौसेने मोबाइलवर पाळणे, झबली पाहिली. तिसऱ्या महिन्यात सारे संपले. पुढे कितीतरी दिवस पोरगी पाककृती पाहायला गेली, तरी समोर झबलीच! तिने मोबाइल उचलणे सोडले. कोणाचे वैर नव्हते. वहीला बातमी कळली नव्हती, एवढेच.

म्हणून पाटी आली की डोळे मिटून 'स्वीकारा' दाबू नये. 'नाकारा' दाबले तरी बहुधा काम अडत नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'थर्ड पार्टी कुकीज' बंद करता येतात. आयफोनवरच्या सफारीत २०२० पासून त्या आपोआपच अडवल्या जातात. सगळ्याच कुकी पुसल्या तर पासवर्ड मात्र पुन्हा द्यावे लागतील, तेव्हा ते आधी आठवा! कुकी आपले फोटो पाहत नाही की बँकेतून पैसे काढत नाही; ती भीती नको. मात्र कुकी पुसल्या म्हणजे सारे मिटले असेही नाही. मोबाइलमधल्या अॅपना माग काढायला दुसऱ्या वाटा आहेत.

आपली खासगी बाब हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. २०२३ साली माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. पण सेटिंगचे बटण कायदा येऊन दाबणार नाही.

चहा झाल्यावर ज्यांना तो तिसऱ्याचा बिल्ला काढून टाकायचा असेल त्यांनी मोबाइल घेऊन पुढे बसावे. भाची आज आली आहे, तीच दाखवील.