घरगुती गिटार आणि लांकडाची पारख

1963 सालच्या ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या पश्चिम भागांतील एका साध्या घरांत बापलेकांनीं एक बेत केला. मुलाचें वय सोळा. त्याला विजेची गिटार हवी होती. पण दुकानांतील किंमत त्या घराला झेपणारी नव्हती. तेव्हां हॅरॉल्ड मे आणि त्यांचा मुलगा ब्रायन यांनीं ती घरींच करावयाचें ठरविलें. हत्यारें होतीं, हौस होती. प्रश्न उरला लांकडाचा. चुकीची फळी निवडली असती, तर सारे श्रम फुकट गेले असते.

लांकूड निवडतांना पुष्कळांचें लक्ष आधीं नांवाकडे आणि किंमतीकडे जातें. वास्तविक पहिला प्रश्न असा कीं, ह्या तुकड्याला काम कोणतें करावयाचें आहे? गिटारीच्या दांडीवर सहा पोलादी तारांचा एकत्र ताण शंभर पौंडांच्या आसपास असतो, आणि तो रात्रंदिवस पडत राहतो. दांडी थोडी वांकली तरी तारा पडद्यांपासून दूर जातात व बोटांना जड लागतात. म्हणून दांडीचें लांकूड सरळ रेषांचें आणि पुरतें वाळलेलें असावें लागतें. ओलें लांकूड सुकतांना लांबीपेक्षां रुंदींत अधिक आकसतें, आणि सर्व बाजूंनीं सारखें आकसत नसल्यामुळें पिळवटतें.

इंग्रजी घरांत भिंतींतील आगटीवर शोभेची जाड फळी बसविलेली असे. अशीच एक जुनी, टाकाऊ ठरलेली मॅहोगनीची फळी मे पितापुत्रांस मिळाली. तिला जें आकसावयाचें तें कित्येक वर्षांपूर्वींच आकसून झालें होतें. किड्यांनीं पाडलेलीं दोन भोंकें तिला होतीं. तीं आगपेटीच्या काड्यांनीं बुजविलीं गेलीं. खरी पारख ती हीच! भोंक बुजवितां येतें. पीळ काढतां येत नाहीं. मात्र भोंकांतून ताजा भुसा गळत असेल तर कीड जिवंत आहे असें समजावें, आणि ती फळी घेऊं नये.

धडाच्या गाभ्याला एका जुन्या टेबलाचें ओक लांकूड उपयोगी पडलें. कारण तारांचा ताण जेथें धडाशीं येऊन थांबतो, तेथें कठीण लांकूड हवें. बाकीचा भाग साध्या जोडफळीचा, व त्यावर मॅहोगनीचा पातळ पापुद्रा. पडद्यांची पट्टीहि ओकचीच, काळा लेप दिलेली; तिच्यावरील ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्याच्या गुंड्यांचे. हें काम सुमारें दोन वर्षें चाललें.

विजेच्या गिटारींत तारांचा कंप चुंबकाच्या साहाय्यानें विजेंत उतरतो, म्हणून तेथें मजबुतीला पहिला मान. पोकळ पेटीच्या गिटारीचा न्याय निराळा. तिचा आवाज मुख्यतः वरच्या पातळ फळीचा; ती हलकी, तरीहि ताठ असावी लागते. म्हणून थंड प्रदेशांतील स्प्रूस वृक्षाची फळी घेतात. हें पटविण्यासाठीं स्पेनमधील कारागीर अंतोनियो दे तोरेस यांनीं 1862 सालीं एक गिटार अशी बनविली कीं, तिची पाठ आणि कडा कागदी लगद्याच्या होत्या. केवळ वरची फळी उत्तम लांकडाची.

पाठीला, कडांना आणि पडद्यांच्या पट्टीला पश्चिम घाटांतील शिसवी लांकूड आज जगभर वापरलें जातें. तेव्हां श्रोत्यांपैकीं कोणाच्या माळ्यावर मोडका शिसवी पलंग पडला असेल, तर तो जळाऊ लांकडाच्या भावानें देण्यापूर्वीं त्याची एक फळी हातांत घेऊन पाहावी. रेषा सरळ आहेत काय, कडेवरून पाहिल्यास पीळ दिसतो काय, सैल धरून बोटानें ठोकल्यास नाद खणखणीत येतो कीं बद्द, हें तपासण्यास पैसा लागत नाहीं.

3 जून 2002 रोजीं राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवांत बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभे राहून ब्रायन मे यांनीं ब्रिटनचें राष्ट्रगीत वाजविलें. गिटार तीच, घरीं केलेली. आगटीवरच्या त्या टाकाऊ फळीची दांडी तोंवर तीन तपांहून अधिक काळ तारांचा ताण सोशीत आली होती.