पहाटेची लाइन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘कमवा आणि शिका : माझे पेपर टाकण्याचे दिवस’. गेल्या खेपेच्या मेळाव्यात जेवताना मी दोन-चार किस्से सांगितले होते, त्याचं हे फळ. किस्से आजही सांगतो. पण त्यातली एक गोष्ट मी तेव्हा गाळली होती, ती आज सांगणार आहे. जिच्याबद्दल सांगायचं त्या माणसाची परवानगी घेतली आहे. त्याची अट एकच, नाव घ्यायचं नाही. तेव्हा आपण त्याला ‘माझा जोडीदार’ म्हणू. लाइनवर तो जोडीदारच होता.

जून १९७६. मी आठवीत गेलो होतो. पौडात तेव्हा पेपर पुण्याहून पहिल्या एसटीने यायचा. एजंटकाकांचं दुकान स्टँडाजवळ. गाडी थांबायच्या आधीच कंडक्टर दारातून गठ्ठा खाली टाकायचा. पावसाळ्यात तो नेमका डबक्यात पडू नये म्हणून आम्ही दोघं गोणपाट धरून उभे. पुढे डॉ. अब्दुल कलामांच्या बालपणाबद्दल वाचलं, की दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली आणि धावत्या गाडीतून पेपरचे गठ्ठे फेकले जायचे, ते हा मुलगा गोळा करायचा. वाचून मला एकदम आमचा कंडक्टर आठवला.

सुतळी कापायची, पेपर मोजायचे, रविवारी पुरवण्या भरायच्या, मग घड्या. सगळे मिळून ४६ अंक. त्यात ‘सकाळ’ सर्वांत जास्त, थोडे ‘केसरी’, आणि कचेरीत मुंबईचा एखादा. सायकल काकांची, एकच, मोठ्या माणसाची. आमचे पाय पुरायचे नाहीत, म्हणून दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल मारायचो. चढ आला की एक जण उतरून ढकलायचा. कचेरी, पोलीस ठाणे, दवाखाना, मास्तरांची घरं, पेठेतली दुकानं असा वरचा निम्मा भाग माझा. नदीकडची आळी आणि पलीकडच्या वाड्या त्याच्या. महिन्याला प्रत्येकी १५ रुपये. खाडा झाला तर पैसे कापले जात. पाऊस हे कारण चालायचं नाही. आपल्या मुळशीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. अंगावर इरलं घेतलं तर सायकल चालवता येत नाही, म्हणून आम्ही खताच्या प्लॅस्टिक पिशवीला तीन भोकं पाडून ती डोक्यातून घालायचो. पेपर कोरडा आणि आम्ही ओले, हा करारच होता.

सुट्टी म्हणाल तर वर्षातून मोजून काही दिवस. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला छापखाना बंद, म्हणून दुसऱ्या दिवशी अंक नाही. ‘उद्याचा अंक प्रसिद्ध होणार नाही’ ही चौकट आम्ही जितक्या आनंदाने वाचली असेल तितक्या आनंदाने महाराष्ट्रात कुणी वाचली नसेल. गंमत म्हणजे त्या दिवशीही पावणेपाचला जाग यायचीच.

मार्च १९७७ मध्ये लोकसभेचे निकाल लागले. इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्याचा अंक आला त्या दिवशी गठ्ठा सोडायच्या आधीच स्टँडावर माणसं जमली होती. एरवी पेपरकडे ढुंकून न बघणाऱ्या एकाने माझ्या हातातून अंक ओढून घेतला आणि पैसे काकांना देतो म्हणाला. दिले नाहीत. त्या दिवशी तीन घरी पेपर कमी पडला आणि मी तिन्ही घरी बोलणी खाल्ली. बातमी किती मोठी आहे हे मला त्या बोलण्यांवरून समजलं.

आता जोडीदाराकडे येतो. त्याच्या बाजूला नदीकाठी एक आजोबा राहायचे. धरणाच्या खोऱ्यातून उठून आलेलं घराणं. आपल्याकडे १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, हे आपण शाळेत एका परिच्छेदात शिकलो. आजोबा तेव्हा पोर होते आणि त्यांचं गाव आता पाण्याखाली होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी पेपर रोजचा लावलेला. अट अशी, की पोराने ओट्यावर बसून पहिलं पान वाचून दाखवायचं. माझा जोडीदार वाचायचा. मी कधी लवकर मोकळा झालो तर तिथे जाऊन बसायचो, म्हणून मी ऐकलेलं आहे. काय वाचायचा! कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, अगदी आकाशवाणीवरच्यासारखं. एकदा मी आजोबांना विचारलं, वाचता येत नाही तर पेपर कशाला? म्हणाले, “त्या टायमाला आमी पेपरात व्हतो म्हनं. पुन्यात लोक वाचायचे. आमच्याकडं पेपर कुठं येत व्हता? आता येतो तर घेतो.”

वर्गात मात्र हाच मुलगा झोपायचा. तिसऱ्या तासाला मान पडायची, मग बाकावर उभं राहायचं, आणि आपण सगळे हसायचो. मीही हसायचो. तो का पेंगतो हे वर्गात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी एकदाही गुरुजींना सांगितलं नाही. गुरुजींनी विचारलंही नाही, पण त्यांना दोष द्यायला मी उभा नाही. माझी लाइन साडेसहाला संपायची, मग घरी चहा-भाकरी, तासभर अंथरुण. त्याची लाइन संपली की गोठा, मग गवताचा भारा, मग शाळा.

जानेवारी १९७९. दहावीचं वर्ष. माझ्या आईने फर्मान काढलं, परीक्षा होईपर्यंत पेपर बंद. काकांपुढे अडचण, तीन महिन्यांसाठी नवा मुलगा कुठून आणायचा? तेव्हा जोडीदार म्हणाला, मी दोन्ही टाकतो. त्याची आई आजारी होती, घरात १५ रुपयांचे ३० झालेले हवे होते. त्याने मला उपकार म्हणून काही बोलून दाखवलं नाही आणि मीही तसं काही मानलं नाही. माझी जागा मोकळी झाली, त्याला पैसे मिळाले, सगळं बरोबर झालं असंच मला वाटलं. जानेवारी, फेब्रुवारी आणि परीक्षा संपेपर्यंत मी पहाटे कंदील लावून अभ्यास केला. ४६ अंक तो एकटा टाकत होता. आमच्या घरचा पेपरही तोच टाकायचा. सायकल अंगणात टेकल्याचा आवाज यायचा, दाराशी अंक पडायचा, आणि मी पुस्तकावरून मान वर करायचो नाही.

परीक्षा झाली आणि मी पुन्हा लाइनवर आलो.

आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण निकाल तेव्हा पेपरात यायचा. पास झालेल्यांचे नुसते नंबर, बारीक टायपात, ओळीच्या ओळी. म्हणजे अख्ख्या पौडाचा निकाल आमच्या गोणपाटावर पडणार होता आणि तो सगळ्यांत आधी आम्ही पाहणार होतो. काकांनी कंदील वर धरला. त्याचा नंबर माझ्यापासून चौथा. मी बोट फिरवत गेलो. माझा होता. पुढचा होता. मग एकदम पुढची दहाची ओळ. मी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागलो. त्याने माझा हात बाजूला केला, पान नीट घडी केलं आणि म्हणाला, “तुजा हाय, माजा न्हाय. चल, आज लोक वाट बघत असत्याल.”

आणि आम्ही लाइन टाकली. त्या दिवशी कुणाचं दार बंद नव्हतं. प्रत्येक घरी आधी पेपर हातातून घेतला जायचा आणि मग प्रश्न, “काय रे, तुम्ही दोघं दहावीलाच ना? लागला का?” माझ्या भागातली घरं संपल्यावर मी घरी जाऊ शकलो असतो. आईला सांगायचं होतं. पण त्या दिवशी मी त्याच्याबरोबर नदीकडे गेलो. प्रत्येक ओट्यावर तो स्वतःच सांगत होता, “ह्यो पास झाला,” आणि पुढच्या घराकडे वळत होता. आजोबांनी पहिलं पान वाचायला सांगितलं. त्याने वाचलं, सगळं, न अडखळता. आजोबा म्हणाले, आता निकालाचं पान वाच. तो म्हणाला, त्यात नुसते आकडे हायेत.

त्याचे इंग्रजी आणि गणित राहिले होते. ऑक्टोबरला बसता आलं असतं. फॉर्म भरायच्या दिवसांत मी पुण्यात होतो, कॉलेजात. स्कायलॅब पडणार म्हणून त्या जुलैत सगळे आभाळाकडे बघत होते ना? ती समुद्रात आणि ऑस्ट्रेलियात पडल्याचा अंक पौडात त्यानेच टाकला. मी तो पुण्यात वाचला. त्याने फॉर्म भरला का, हे विचारणारं एक पत्रसुद्धा मी लिहिलं नाही.

एवढं सांगायचं कारण आता सांगतो. या मेळाव्याची निमंत्रणं पाठवायला आम्ही यादी केली ती एस.एस.सी. उत्तीर्ण झालेल्यांच्या रजिस्टरवरून. यादी करणाऱ्यांत मी होतो. १९७९ च्या पानावर माझं नाव आलं, त्याचं येणारच नव्हतं, आणि ती यादी दोनदा तपासूनही मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. गेल्या महिन्यात पिरंगुटला पेट्रोल भरत होतो. शेजारच्या मोटारसायकलवर मागे पेपरचे गठ्ठे बांधलेले. तो होता.

एजन्सी आता त्याची आहे. भूगाव-भुकूमकडे एवढ्या सोसायट्या झाल्या, कारखाने आले, मग लाइनी वाढल्या. २०२० च्या टाळेबंदीत पेपरच बंद झाले तेव्हा पहिल्यांदा आयुष्यात सलग झोपलो, म्हणाला, आणि झोप लागली नाही. नंतर निम्म्या लोकांनी पुन्हा पेपर लावलाच नाही, सगळं मोबाइलवर. मी विचारलं, पोरं मिळतात का? तर म्हणाला, बारक्या पोरांना ठेवायचं नाही असा आता कायदाच आहे. खरं आहे. १९८६ चा कायदा होता, २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना घरच्या धंद्यातल्या मदतीसारखे मोजके अपवाद सोडून सरसकट मनाई झाली. पण तो पुढे जे बोलला ते कायद्यात नाही. “पंधरा-सोळाचं पोरगं येतं, लय नड आस्ती घरात. ठिवतो. पर दहावीचं वरीस लागलं की काडून टाकतो. पैसे देतो म्हयन्याचे, पर सायकल काडून घेतो.”

आज सकाळपासून तीन जणांनी या माइकवरून सांगितलं, की आम्ही कष्ट केले म्हणून घडलो, आजच्या मुलांनाही असे कष्ट पाहिजेत. मी पण ते वाक्य बऱ्याच ठिकाणी बोललो आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. यापुढे बोलणार नाही. कष्ट आम्ही दोघांनी सारखेच केले. शेवटचे तीन महिने तर त्याने दुप्पट केले.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे आणि कार्यकारिणी इथेच बसली आहे. पुढच्या वेळी यादी उत्तीर्णांच्या रजिस्टरवरून नको, दाखल-खारीज रजिस्टरवरून करा. सातवीत शाळा सोडलेल्या मुलीही त्यात आहेत, त्यांची लग्नं होऊन त्या कुठे गेल्या हे शोधावं लागेल. लागू द्या वेळ. आणि या स्मरणिकेत उत्तीर्णांची जी यादी छापायची ठरली आहे, तिच्याऐवजी तीच मोठी यादी छापा. जास्तीच्या पानांचा खर्च मी देतो.

तो आज आला आहे. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला आहे. मघाशी चहाच्या वेळी मला म्हणाला, “भाषान लांबवू नको, मला चारला उटायचंय.”