नदीचं वर्ष आणि आपलं वर्ष

भाताची लावणी उरकली की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: यंदा कुठंतरी जाऊन येऊ या. मग कुणी काशीचं नाव काढतं. काशी म्हटली की नावेत बसून घाट पाहणं आलंच. ही नावेतली फेरी वर्षात कधी करावी, एवढंच आज सांगायचं आहे. सांगतोय, कारण आम्ही एकदा चुकीच्या वेळी जाऊन आलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या हातात सहलीचा एक कागद आला. दर कमी होता, दिवस ऑगस्टचे. आम्हाला वाटलं, सगळं जुळून आलं. लावणी झालेली, श्रावण महिना, पुण्याचं काम. अकरा जणींनी बचतीतून पैसे भरले. आमच्यात सर्वांत मोठ्या मावशी होत्या, सत्तरीच्या. नावेत बसून, मधल्या धारेत गंगेची ओटी भरायची, एवढीच त्यांची इच्छा.

काशीला पोचलो तर दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या दिसेनात. पाणी वरपर्यंत चढलेलं. संध्याकाळची आरती वर एका गच्चीवर चाललेली. नावा एकमेकींना बांधून ठेवलेल्या, कारण प्रशासनानं नावा चालवायला बंदी केली होती. मावशींनी वरच्याच पायरीवर, जिथं पाणी आलं होतं तिथं ओटी सोडली. परतीच्या गाडीत एवढंच म्हणाल्या, "पैसे गेले त्याचं नाही गं. माझे गुडघे पुन्हा इतके चालणार नाहीत, त्याचं वाटतं."

सहल नेणाऱ्यानं आम्हाला पुराचं सांगितलं नव्हतं. पण आम्हीही विचारलं नव्हतं. दर विचारला, जेवण विचारलं, झोपायचं विचारलं. नदी कशी असेल हे एकीनंही विचारलं नाही. आपण तर नदीकाठच्या बायका! गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँची पावसाळ्यात बंद असतात, हे आपल्या जिल्ह्यात पोरासोरांना ठाऊक आहे.

आमचं गणित एका ठिकाणी चुकलं. आपली उल्हास सह्याद्रीतून येते. डोंगरात पाऊस कोसळला की काही तासांत भरते, उघडीप मिळाली की ओसरते. गंगेचं तसं नाही. ती अडीच हजार किलोमीटर लांब. प्रयागला तिला यमुना मिळते आणि यमुना आपल्याबरोबर चंबळ, बेतवा अशा नद्यांचं पाणी आणते. म्हणजे राजस्थानात, मध्य प्रदेशात पडलेला पाऊस काही दिवसांनी काशीला पोचतो. काशीत ऊन असलं तरी नदी चढत असते. ऑगस्ट आणि सप्टेंबर हे तिथले पुराचे महिने. तिथं धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरतात. त्या दिवसांत बातमीत हा आकडा आला की समजावं, नाव बंद.

घरी आल्यावर आम्ही बैठकीत एक मोठा कागद पसरला. एका बाजूला गंगेचे बारा महिने लिहिले, दुसऱ्या बाजूला आपले.

जून ते सप्टेंबर गंगेकडून बाद. आपल्याकडूनही बाद, कारण पेरणी, लावणी, बेणणी. शिवाय पावसात डोंगर काय करू शकतो, हे १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या इर्शाळवाडीनं भोगलं आहे. त्या दिवसांत घर सोडून लांब जायला जीव होत नाही.

ऑक्टोबरात पाणी उतरतं, पण घाटांवर गाळ बसतो. पंपानं पाणी मारून तो धुवावा लागतो. आणि आपल्याकडे हळवं भात कापणीला आलेलं.

कार्तिकी पौर्णिमेला काशीत देवदिवाळी असते. घाटाघाटावर दिवे लागतात. देखणा सोहळा, पण गर्दी अफाट आणि नावेचे दर चढलेले. आपल्याकडे तेव्हा गरव्या भाताची कापणी, झोडणी आणि भातामागून वाल टाकायची घाई. पुन्हा साजगावची बोंबल्या विठोबाची जत्रा. तिथल्या बाजारात वर्षाची सुकी मासळी घ्यायची असते.

डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीभर उत्तरेत दाट धुकं. गाड्या तासन् तास उशिरा, सकाळी समोरची नाव दिसत नाही. माघात प्रयागचा मेळा, मग महाशिवरात्रीची गर्दी. फेब्रुवारीच्या मध्यानंतर हवा छान होते, पण तेव्हा आपल्या मुलांच्या बारावी-दहावीच्या परीक्षा आणि वालाची काढणी. एप्रिल-मे म्हणजे तिकडे लू, चाळिशीच्या वरचा उन्हाळा आणि इकडे लग्नसराई.

मग उरलं काय? नोव्हेंबरची अखेर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा. देवदिवाळी झालेली, धुकं अजून यायचं, भात घरात आलेलं, वाल टाकून झालेला. पाणी शांत, सकाळी शाल पुरते.

एकीनं लगेच विचारलं, "आणि मार्गशीर्षातले गुरुवार?" बरोबर विचारलं. त्यावरही तोड निघाली. गुरुवारची पूजा आटोपून शुक्रवारी निघालो. खोपोलीच्या बायका लोकलनं आल्या, कर्जतला आम्ही चढलो, कल्याणहून मोठी गाडी पकडली. रविवार-सोमवार काशीत, सोमवारी रात्री परतीची गाडी, बुधवारी घरी. गुरुवारी ज्याच्या त्याच्या घरी घट मांडलेला.

मात्र नुसता मार्गशीर्ष धरून चालू नका. अधिक महिना आला की तिथी पुढे सरकतात. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा मार्गशीर्ष डिसेंबरच्या मध्यावर लागला. धुकं काही अधिक महिना पाहून थांबत नाही. म्हणून तारीखच पाहा.

आणि उलट मोजा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबरच्या पाच तारखेला निघायचं तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिकीट काढायचं. म्हणजे गटात नाव नक्की करायचं ते गणपतीच्या सुमारास. बचत त्याच्या वर्षभर आधीपासून. नावेत पाय ठेवण्याआधी दर ठरवा, किती घाट दाखवणार ते विचारा, अंगात घालायचं जॅकेट मागून घ्या.

वेळ पाहून निघणं हे गरिबाचंच काम आहे असं नाही. १३ जानेवारी २०२३ ला काशीहून गंगा विलास नावाची मोठी बोट आसामात दिब्रुगडला निघाली. ५१ दिवसांचा, सुमारे ३२०० किलोमीटरचा प्रवास. तीही पावसाळा टाळूनच निघाली. जगाच्या पार उत्तरेला, अलास्काकडे फिरणाऱ्या बोटीसुद्धा साधारण मे ते सप्टेंबर एवढ्याच दिवसांत जातात.

दुसऱ्या खेपेला मावशी आल्या नाहीत. गुडघ्यांनी खरंच नकार दिला होता. त्यांनी आपल्या वाट्याची बचत सुनेच्या नावावर केली आणि म्हणाल्या, "तू जा. पोरं आणि म्हैस मी बघते." ती सून लग्नानंतर माहेर सोडून कुठं गेलेली नव्हती. काशीला गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट पूर्वेला तोंड करून आहेत. पहाटे नावेत बसलं की समोरच्या वाळूवर सूर्य उगवतो आणि उजेड घाटांवर पडतो. नावाड्यानं अहिल्या घाट दाखवला. अहिल्याबाईंनी १७८० साली विश्वनाथाचं देऊळ पुन्हा बांधलं, हे तिला शाळेतलं आठवत होतं. मधल्या धारेत तिनं सासूची ओटी सोडली आणि फोन लावला. आवाज नीट पोचत नव्हता. तरी पलीकडून मावशी विचारत राहिल्या, "पाणी कसं आहे गं? शांत आहे ना?"

पुढच्या बैठकीत तुम्हीही असा कागद पसरा. एका बाजूला नदीचं वर्ष, दुसऱ्या बाजूला आपलं. दोन्हीकडे मोकळा असलेला आठवडा सापडेपर्यंत कुणाला पैसे देऊ नका. आणि गटात ज्यांचे गुडघे दुखायला लागलेत, त्यांचं नाव पहिल्या वर्षी घाला.